तारेवर आळ

पूर्वी तार आली की घरात आधी रडायला सुरुवात व्हायची आणि मग ती वाचली जायची. २०१३ च्या जुलैत सरकारने तारसेवा बंद केली तेव्हा मला वाटलं, चला, या शब्दाची दहशत संपली. पण मग आम्ही बोट घेतली.

बोट चौघांच्या मालकीची आहे. म्हणजे आनंदाचे भाग चार आणि बिलाचे, हिशेब कोण करतंय त्यावर अवलंबून, तीन. कॅप्टन हे बँकेतून निवृत्त झालेले. समुद्राशी त्यांचा आधीचा संबंध दोन ट्रॉलरांच्या थकलेल्या हप्त्यांपुरता. पण दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि ते वाचून कॅप्टनच्या आत काहीतरी हललं. ते अजून थांबलेलं नाही. दुसरे भागीदार दातांचे डॉक्टर, तिसरे वकील. चौथा मी, मराठीचा निवृत्त मास्तर. पृथ्वीला प्रदक्षिणा घालायचं चौघांनी एकदा ठरवलंही होतं. सध्या मांडव्यापर्यंत जाऊन जेवणाच्या आत परत येतो.

बोट २८ फुटी, फायबरग्लासची, दुसऱ्या हाताची. (दुसऱ्या म्हणजे कागदोपत्री. खरं तर पाचव्या.) पावसाळ्यात ती जमिनीवर, डोलकाठी उतरवून झाकलेली असते. ऑक्टोबरात डोलकाठी पुन्हा उभी करायची, आणि इथे तार येते.

डोलकाठी स्वतःच्या बळावर उभी असते असा किनाऱ्यावरच्या लोकांचा समज असतो. माझाही होता. प्रत्यक्षात ती लग्नातल्या आजोबांसारखी असते. ताठ उभे दिसतात, पण नीट पाहिलं तर दोन्हीकडून कोणीतरी दंडाला धरलेलं असतं. पुढून एक तार, तिला फोरस्टे म्हणतात. मागून एक, ती बॅकस्टे. दोन्ही अंगांना ज्या तारा असतात त्यांना म्हणतात शराउड. या शब्दाचा दुसरा अर्थ कफन, असं वकिलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि विम्याचे कागद मागितले. आपल्याकडे ‘तारांबळ’ हा शब्द मंगलाष्टकातल्या ताराबलावरून आला असं सांगतात. बोटीवर एक हंगाम काढल्यापासून मी त्याचा विग्रह ‘तारांचं बळ’ असाच करतो, आणि अर्थ बदलावा लागत नाही.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही सगळ्या तारा नव्या घातल्या. जुन्यांना दहा वर्षं होऊन गेली होती. स्टेनलेस स्टीलचा स्वभाव असा की साधं लोखंड गंजून तांबडं होतं, सांगतं, ओरडतं. हे मात्र शेवटपर्यंत चकचकीत हसत राहतं आणि एक दिवस तुटतं. त्याची चकाकी टिकते ती क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि तो थर टिकायला हवेतला प्राणवायू लागतो. तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या नळीत खारं पाणी शिरून बसलं की आत हवा पोचत नाही, आणि कोणाला न दिसता तार तिथेच कुरतडली जाते. म्हणून दहाएक वर्षं झाली की दिसायला धडधाकट असली तरी तिला निवृत्त करतात. कॅप्टनना हा नियम पटला नाही. बँकेने त्यांनाही असंच काढलं होतं.

नवी तार ५ मिलिमीटर जाडीची, ‘एक बाय एकोणीस’ जातीची. मधे एक तंतू, भोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. एकूण १९. दोन टनांच्या आसपास वजन लागल्याशिवाय तुटत नाही. मिश्रधातू म्हणाल तर घरातल्या चांगल्या पातेल्याची चुलत बहीण. पातेल्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, हिच्यात वर थोडं मॉलिब्डेनम, खाऱ्या पाण्यासाठी. बिल बघून बायको म्हणाली, “एवढ्या पैशात पातेलीच आली असती.” तुलना धातुशास्त्राच्या दृष्टीने चूक नव्हती.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही शिडं लावून निघालो. वारा बाजूने आला, बोट कलली. वाऱ्याकडची तार तंबोऱ्यासारखी ताणली गेली आणि वाऱ्याआडची झोपाळ्याच्या साखळीसारखी डुलायला लागली. वाऱ्याआडची तार थोडी ढिली पडणारच. पण बोट २० अंश कलेपर्यंत तिने उघड लोंबायला नको. आमची १० अंशांतच लोंबत होती. कॅप्टननी तिच्याकडे पाहिलं, थकलेल्या खात्याकडे पाहावं तसं, आणि निदान केलं.

“तार लांबली.”

त्या वेळी ते बरोबर होते, हे आधी कबूल करतो. नवी तार पहिल्या काही फेऱ्यांत थोडी लांबते. पण त्यात स्टील लांबत नाही. एकोणीस तंतू नव्याने एकत्र राहायला आलेले असतात. ताण पडला की सरकतात, एकमेकांच्या खोबणीत नीट बसतात, मधली पोकळी जाते आणि तारेची लांबी काही मिलिमीटरनी वाढते. सकाळच्या लोकलला कर्जतला चढलेली माणसं बदलापूरपर्यंत कशी आपोआप रचली जातात, तसंच. एकदा रचली गेली की संपलं.

तार आवळायला खाली टर्नबकल असतो. त्याच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. मधला भाग फिरवला की दोन्ही टोकं एकदम जवळ येतात. डाव्या बाजूला डॉक्टर बसले, उजव्या बाजूला वकील. डॉक्टरांनी दोन वेढे दिले. वकिलांना वाटलं, आपली बाजू कमजोर पडते आहे, म्हणून त्यांनी तीन दिले. यावर डॉक्टरांचं उत्तर, वकिलांचं प्रत्युत्तर. पंधरा मिनिटांनी दोन्ही तारा सतारीसारख्या वाजत होत्या आणि डोलकाठी मधे किंचित पोटावर हात ठेवल्यासारखी वाकली होती. शेजारून मासेमारीची होडी चालली होती. तिच्यावरचा म्हातारा तांडेल आमच्याकडे बघत राहिला आणि होडी पुढे गेल्यावर मान मागे वळवूनही बघत राहिला.

डिसेंबरात तार पुन्हा सैल. पुन्हा आवळली. जानेवारीत पुन्हा.

आता “तार लांबली” हे निदान राहिलं नाही, आमच्यात ती म्हण झाली. शीड नीट लागलं नाही, तार लांबली. मांडव्याला उशीर झाला, तार लांबली. डॉक्टरांनी डब्यातून आणलेल्या इडल्या दगडासारख्या निघाल्या तेव्हाही वकील सवयीने वर बघून गेले. माणसाला दोषी सापडला की हलकं वाटतं. त्यातून दोषी उलट बोलत नसेल तर फारच.

मग सिद्धान्त सुरू झाले. कॅप्टनचं म्हणणं, उन्हाने लांबते. तार तापली की लांबणार, यात शंका नाही, पण तिच्याबरोबर अॅल्युमिनियमची डोलकाठीही तापते, आणि अॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं. पहाटेच्या १८ अंशांपासून दुपारच्या ३३ पर्यंत १० मीटरची डोलकाठी साडेतीन मिलिमीटर वाढते, तेवढीच तार अडीच मिलिमीटरपेक्षाही कमी. म्हणजे उन्हात तारा सैल होत नाहीत, उलट केसभर घट्ट होतात. हा हिशेब ऐकल्यावर कॅप्टन म्हणाले, “मग थंडीने लांबत असेल.”

वकिलांचा संशय मालावर. त्यांनी फ्रिजवरचं गणपतीचं लोहचुंबक आणलं आणि उरलेल्या तुकड्याला लावलं. गणपती हलकासा चिकटला. “खरं स्टेनलेस चुंबकाला चिकटत नाही,” वकील म्हणाले. “भेसळ आहे. नोटीस पाठवू.” विघ्नहर्ता साक्षीदार म्हणून उभा राहिल्यावर आम्ही काय बोलणार.

इथे माझ्या मेहुण्याने प्रवेश केला. तो अंबरनाथला तार ओढण्याच्या कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस. जेवायला आला होता, नोटिशीचा मसुदा वाचला आणि हात धुवायचे विसरून हसला.

“भाऊजी, ही तार कशी बनते माहितेय का? जाड सळई लहान भोकातून ओढतात. मग त्याहून लहान भोकातून. मग अजून लहान. थंडच. इतकं ओढल्यावर तिच्या अंगात थोडं चुंबकत्व येतंच. भेसळ नाही ती.”

“पण मग लांबते का?”

“तिचं जेवढं लांबायचं होतं तेवढं कारखान्यातच लांबवून झालंय. तुम्ही चौघं काय लांबवणार तिला?”

हे मला फार पटलं. दहा वर्षं होस्टेलला काढून आलेला मुलगा घरच्या आमटीची तक्रार करत नाही, तसं. तार कशालाही दाद देत नाही ती काही जन्मजात गुण म्हणून नव्हे. दाद देण्याची तिची सोयच कोणीतरी आधी काढून घेतलेली असते.

पुढच्या रविवारी मेहुणा बोटीवर आला तो सुताराची दोन मीटरची घडीची पट्टी घेऊन. एवढीच. कॅप्टनना यंत्र अपेक्षित होतं. त्याने तार पूर्ण ढिली करायला लावली, पट्टीचं वरचं टोक तारेला चिकटपट्टीने पक्कं केलं, खालच्या टोकाशी तारेवर खूण केली आणि म्हणाला, “आता आवळा.” आवळत गेलो तशी खूण पट्टीच्या टोकापासून हळूहळू खाली सरकायला लागली. ही युक्ती जगभरच्या शिडाच्या बोटीवाल्यांना ठाऊक आहे: या जातीच्या तारेत दोन मीटरमागे १ मिलिमीटर वाढ म्हणजे तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ताण. ३ मिलिमीटर झाले की १५ टक्के. आमच्या तारेत सुमारे ३०० किलो. तिथे थांबायचं.

“म्हणजे लांबतेच की!” कॅप्टन टाळी वाजवून म्हणाले.

“लांबते. आणि सोडली की परत येते. काका, दोन्ही बघा ना.”

मला इथे रॉबर्ट हूक आठवला, कारण मास्तरकी पूर्ण सुटत नाही. हा सतराव्या शतकातला इंग्रज नेमकं हेच करत बसला होता. वीस, तीस, चाळीस फुटी तारा वर खिळ्याला टांगायच्या, खाली वजनं लावायची आणि किती लांबते ते मोजायचं. म्हणजे आमची शराउडच. त्याला नियम सापडला: जितका ताण, तितकी वाढ. पण कोणी चोरू नये म्हणून १६७६ मध्ये त्याने तो नियम चौदा अक्षरांची मोडतोड करून, वर्णानुक्रमे लावून छापला. दोन वर्षांनी ती अक्षरं जुळवून दाखवली. दोन वर्षं नियम जगासमोर होता, पण गिचमिडीत. हे मी सांगितलं तेव्हा वकिलांचा हूकविषयीचा आदर प्रथमच वाढला. पण ताण काढला की तार मुकाट्याने मूळ लांबीवर येते, या भागाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. खटला चालू असताना आरोपीच्या चांगल्या वर्तणुकीत कोणाला रस असतो?

मेहुण्याने पट्टी तशीच लावून ठेवायला सांगितली. तीन रविवार आम्ही बोट चालवली. मग मोजलं तर खूण ३ वरून १ मिलिमीटरवर आलेली. म्हणजे ताण ३०० किलोंवरून १०० वर. कॅप्टननी आमच्याकडे बघितलं. त्या नजरेत आता काय म्हणता हा प्रश्न होता.

“आता पूर्ण ढिली करा,” मेहुणा म्हणाला.

केली. खूण पट्टीच्या टोकाशी, अगदी बरोबर जिथे पहिल्या दिवशी होती तिथे. दोन मीटर म्हणजे दोन मीटर. तार केसभरही वाढलेली नव्हती.

शांतता पसरली. वकिलांनी चष्मा पुसला. ताण गेला, पण तार लांबली नाही. मग तारेची दोन टोकंच जवळ आली असणार. आणि तारेचं एक टोक डोलकाठीच्या शेंड्याला, दुसरं बोटीला. म्हणजे दोघांपैकी कोणीतरी—

याच क्षणी शौचालयातून डॉक्टरांचा आवाज आला. दार उघडत नव्हतं.

दार तसं महिनाभर अडकतच होतं. दमट हवेत लाकूड फुगतं म्हणून आम्ही दुर्लक्ष केलं. वकील तर दाराला साबण लावायचे. आता मेहुणा त्या दाराकडे बघत उभा राहिला आणि डॉक्टर आत ठोकत असताना त्याने दाराच्या वरच्या फटीत बोट घातलं. एका कोपऱ्यात बोट जात होतं, दुसऱ्यात पोस्टकार्डसुद्धा गेलं नसतं. चौकट चौकोनी राहिली नव्हती. तिला लागूनच एक खांब होता, छतापासून तळापर्यंत. या बोटीत डोलकाठी डेकवर उभी असते आणि तिचा भार खाली तळापर्यंत नेतो तो हा खांब. तारा डोलकाठीला फक्त बाजूने धरतात असं आपल्याला वाटतं. खरं तर त्या तिला खाली ढकलत असतात. सगळ्या मिळून टनापेक्षा जास्त. बोट मधे खाली दाबली जाते आणि कडांनी वर ओढली जाते, अहोरात्र, आम्ही घरी झोपलेलो असतानाही.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मुंबईत बांधलेली ‘सुहेली’ ही ३२ फुटी सागवानी बोट घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८ च्या जूनमध्ये इंग्लंडहून निघाले आणि ३१२ दिवसांनी, कुठेही न थांबता एकट्याने जगाला वळसा घालून परतणारे पहिले ठरले. त्यांच्या बोटीच्याही तळाच्या फळ्यांमधे फट पडून पाणी येत होतं. ते भर अटलांटिकमधे पाण्यात उतरले, बुडी मारून फट बुजवली, त्यावर तांब्याची पट्टी ठोकली. मधे एक शार्क आला, तर वर येऊन बंदुकीने त्याची वासलात लावली आणि पुन्हा कामाला खाली गेले. आम्हाला तर फक्त डॉक्टरांना बाहेर काढायचं होतं.

त्यासाठी कोळीवाड्यातून होड्या बांधणारा सुतार आणावा लागला. त्याने दाराच्या बिजागऱ्या काढल्या. डॉक्टर बाहेर आले आणि काही न बोलता डेकवर जाऊन बसले. सुताराने खांबाच्या पायाशी असलेली फळी उचलली, खाली खांब ज्या लाकडी ठोकळ्यावर टेकला होता त्यात स्क्रूड्रायव्हर खुपसला. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

“शिरा झालाय शेठ,” तो म्हणाला.

ठोकळा पाण्यात भिजून भिजून कुजला होता. आम्ही दर महिन्याला तार आवळत होतो, आवळली की डोलकाठी खांबाला आणखी दाबत होती, खांब शिऱ्यात आणखी रुतत होता, आणि मग तार सैल. म्हणजे जेवढा इलाज, तेवढा रोग. सुताराने मोजलं. खांब १२ मिलिमीटर खाली गेला होता. त्याने ठोकळ्याचा एक तुकडा काढून कॅप्टनच्या हातात ठेवला. कॅप्टननी तो बराच वेळ दाबून पाहिला.

डॉक्टर वरून म्हणाले, “मला कळायला हवं होतं.”

कोणी विचारलं नाही तरी त्यांनी सांगितलं. तीस वर्षं ते पोरांच्या दातांना तारा लावताहेत. दर महिन्याला पोरगं येतं, तार सैल झालेली असते, ते ती पुन्हा घट्ट करतात. “मी एकदा तरी म्हटलंय का, तार लांबली? तिथे दात हलतो. तार कधीच हलत नाही. त्याचेच तर मी पैसे घेतो.”

वकिलांनी खिशातून नोटिशीचा मसुदा काढला, चार घड्या घातल्या आणि दाराच्या चौकटीखाली पाचर म्हणून बसवून पाहिला.

ठोकळा बदलला, सागवानी. तारा मार्चमध्ये ३ मिलिमीटरवर लावल्या, एप्रिलअखेर ३ वरच होत्या. शौचालयाचं दार एका बोटाने उघडतं. कॅप्टनना मात्र हा निकाल पूर्ण मान्य नाही. बोट कलली की ते अजून एकदा वाऱ्याआडच्या तारेकडे बघतात, चुकून कुठे सापडते का म्हणून.

काढलेल्या जुन्या तारा कोणी न्यायच्या यावरून थोडा वाद झाला. एक तुकडा मी घरी आणला आणि गॅलरीत कपडे वाळत घालायला लावला. तीन मीटर लांब, दोन टन तोलणारी तार, तिच्यावर दोन चादरी. बायको खूश होती. जून लागला, आणि एका सकाळी तिने हाक मारली.

“अहो, ही तार लांबली बघा. चादर खाली टेकतेय.”

मी गेलो. तार मधे चांगली चार बोटं खाली आली होती. मी तिला समजावून सांगितलं, की आडव्या तारेचं गणित फसवं असतं. तीन मीटरच्या तारेचं टोक कुठे नुसतं एक सेंटीमीटर सरकलं तरी मधे दहा सेंटीमीटर झोळ पडतो. तार लांबलेली नाही. स्टील असं लांबत नाही. हूकने १६७६ मध्ये—

“मग?” तिने ओली चादर हातात धरून विचारलं.

मग मी डावा हुक पाहिला. तो ठीक होता. उजवा पाहिला. त्याच्याभोवतीच्या भिंतीला ओल आली होती. नख लावलं तर आत गेलं.

“सुताराला फोन करू का गवंड्याला?” मी विचारलं.

“आधी ही चादर धरा,” ती म्हणाली.